पाव्हण्याचं पाणी

नोकरी धरताना पगाराखेरीज काय बघितलंत, असं मला कोणी विचारलं की मी सांगते, पाणी. ऐकणारा हसतो. शाळाखात्याच्या ज्या साहेबापुढे मी हे पहिल्यांदा बोलले तोही हसला होता. त्याचं ते हसणं मी विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपूरहून सुटायचे आणि बुलढाण्याच्या कचेरीत येऊन बसायचे. मुलींच्या शाळांना शिकवायला बाई मिळत नसे. ज्यांना घर होतं त्या घराबाहेर पडत नव्हत्या, म्हणून ट्रेनिंगला येणाऱ्या आम्ही बहुतेक जणी विधवा किंवा माझ्यासारख्या नवऱ्यानं टाकलेल्या होतो. अमरावतीच्या वसतिगृहात आम्ही रोज संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता आपापल्या नोकऱ्या ठरवायचो. एकीला रेल्वेचं स्टेशन जवळ हवं होतं, म्हणजे भावाला भेटायला येता येईल. एकीला असं गाव हवं होतं जिथे तिच्या सासरचं कुत्रंही ओळखीचं नसेल. तिसरी म्हणायची, मला फक्त आतून कडी लागणारी खोली द्या, बाकी शाळा गोठ्यात भरवा. पगाराबद्दल कोणी बोलत नसे. पगार सरकारनं ठरवलेला होता, त्यात आमच्या बोलण्यानं एक आणाही हलणार नव्हता. जे हलू शकत होतं त्याबद्दल आम्ही बोलायचो. आणि बाहेर मात्र पुरुष म्हणायचे, बायका पोटासाठी नोकरीला लागतात. जसं काही आम्हाला पोटाखेरीज दुसरा अवयवच नव्हता.

मला गोडं पाणी हवं होतं, कारण आईला मुतखडा होता.

वडील गेल्यावर शेत भाऊबंदांनी दाबलं. उंद्रीच्या अलीकडे आमचं गाव, तिथे आम्हा दोघींना एक पडवी आणि एक विहीर उरली होती. विहीर चांगली होती. आईची कळ उठली की ती जमिनीवर लोळायची, तोंडात पदराचा बोळा कोंबायची, आणि मी नुसती तिचे पाय धरून बसायची. चिखलीच्या वैद्यांनी औषध सोपं सांगितलं होतं. भरपूर पाणी प्यायचं, गोडं, आणि कुळथाचं कढण घ्यायचं. खारं पाणी पोटात गेलं तर मी जबाबदार नाही, असं ते स्पष्ट म्हणाले होते. तेव्हापासून आईची कळ कमी झाली होती. आता मी जिथे जाईन तिथे ती येणार होती. तिला ठेवायचं तरी कोणाकडे?

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. घाटावर आम्ही. घाटाखाली पूर्णेचं खोरं, लोण्यासारखी काळी जमीन, कापसाच्या गाड्यांच्या रांगा, आणि बहुतेक विहिरींना खारं पाणी. घाटावरच्या शाळांतल्या जागा वशिल्यानं भरायच्या. माझा वशिला कोण? साहेबांनी मला घाटाखालच्या दोन जागा दाखवल्या. एक तालुक्याच्या गावची, पगार जास्त, राहायला डिस्ट्रिक्ट कौन्सिलची खोली. दुसरी एका आडगावची, पगार कमी, शाळा एका वर्गाची.

मी विचारलं, "साहेब, पाणी कुठलं गोडं आहे?"

ते हसले ते इथे. शेजारचा कारकूनही हसला, साहेब हसले म्हणून. "बाई, तुम्ही नोकरी बघताय की सोयरीक?"

मग त्यांनी सांगितलं की तालुक्याचं पाणी मचूळ आहे हे खरं, पण त्या आडगावचं पाणी म्हणजे अमृत. "मी दरसाल तपासणीला जातो. तांब्यानं पितो. काळजी सोडा."

मी काळजी सोडली नाही. उन्हाळा होता तरी आईला घेऊन मी ते गाव स्वतः बघायला निघाले. सर्व्हिसची मोटार घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूरला गेली. तिथून पुढे त्या गावच्या पाटलांनी बैलांची दमणी पाठवली होती. शाळेच्या कमिटीचे मुख्य तेच. गावाला मुलींची शाळा हवी होती, बाई मिळाली नाही तर ती मंजूर शाळा दुसऱ्या गावाला जाणार होती, आणि दुसरं गाव त्यांच्या चुलतभावाचं होतं. त्यामुळे आमची बडदास्त अशी, की आईला वाटलं आपण चुकून कोणाच्या तरी लग्नाला आलो.

बैठकीत आम्हाला घोंगडी अंथरली. गूळ-पाणी आलं. मी पाटलांना सरळ विचारलं, "इथलं पाणी गोडं आहे ना?"

"पिऊन पाहा ना बाई!" पाटील म्हणाले.

आईनं मुद्दाम गूळ तोंडात घातला नाही. जिभेवर गूळ असला की पाण्याची चव कळत नाही. तिनं नुसता पेला उचलला, एक घोट तोंडात फिरवला, आणि मग सगळा पेला पिऊन टाकला. "आपल्या विहिरीवानी हाय वो," ती माझ्याकडे वळून म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला, की मी त्याच बैठकीत पाटलांना हो म्हटलं. आतल्या दाराशी पाटलीणबाई उभ्या होत्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात रिकामी थाळी. त्या एकटक आईच्या हातातल्या पेल्याकडे बघत होत्या. मला वाटलं, पेला परत न्यायला थांबल्या असतील.

शाळा उघडायच्या आधी आठवडाभर आम्ही बिऱ्हाड हलवलं. पाटलांनी देवळामागची खोली दिली. गावातल्या बायांनी कौतुकानं आमचे हंडे भरून आणले. आईनं चुलीवर कुळीथ ठेवले. दुपार कलली तरी ते कुळीथ दगडासारखे. मी म्हटलं, धान्य जुनं असेल. आईनं भांड्यातलं पाणी बोटानं चाखलं आणि हंड्यातला पेला भरून माझ्याकडे केला.

खारं. मचूळ वगैरे नाही, खारं. घशाखाली उतरल्यावर जीभ चिकट करणारं.

मी तशीच पाटलांकडे गेले. डोक्यावरचा पदर सावरायचंही भान नव्हतं. ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही मला फसवलं."

त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो, आणि राग त्याचाच येतो, की तो खोटं बोलत नव्हता. "फसवलं? थे तं पाव्हन्याचं पानी व्हतं, बाई."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी शाळेतल्या पोरीला सांगावं तसं. नदीपलीकडे एका मळ्यात गोडी विहीर आहे. आठवड्याला गाडी जाते, टिपं, म्हणजे पिंपं, भरून आणते. पाटलाच्या घरात त्याचा वेगळा रांजण आहे. पाव्हणा आला, साहेब आला, मुलगी बघायला-दाखवायला कोणी आलं, की त्यातलं पाणी. पाव्हण्याला खारं पाणी पाजायचं म्हणजे गावाची इज्जत जाते. हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. घाटाखालचा पाव्हणा बैठकीतल्या पाण्यावरून गावाची विहीर जोखतच नाही. आम्ही घाटावरच्या, आम्ही जोखली. त्यात त्यांचा काय दोष?

"मग माझ्या आईपुरतं त्या रांजणातलं द्या. एक कळशी. तिला दुखणं आहे."

पाटलांनी अडकित्ता खाली ठेवला. "बाई, तुम्ही आता गावच्या झाल्या. गावच्याले पाव्हन्याचं पानी कसं देनार? उद्या सारं गाव मांगन."

म्हणजे बघा. आम्ही परक्या होतो तोवर आमच्यासाठी अमृत. आपल्या झालो, तर खारं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गाडीवानाला भाड्याचं विचारलं, तर पाटलाच्या परवानगीशिवाय तो टिपाला हात लावीना. मळेवाला पाटलांचंच कूळ. आणि त्या विहिरीवर कोणाला चढू द्यायचं नि कोणाला नाही याचे नियम तर आणखी वेगळे होते. त्या नियमांचा संताप मला पुढे कधीतरी आला, त्या वेळी मी माझ्याच आगीत होते.

आईची कळ पुन्हा सुरू झाली. मी शाळेत पाढे म्हणून घ्यायची आणि कान देवळामागे. मधल्या सुट्टीत धावत खोलीवर जायची. कधी ती बसलेली असायची, कधी भिंतीकडे तोंड करून आडवी. मी दिसले की म्हणायची, "काई नाई वो, जा तू, पोरी वाट पाहून राह्यल्या असतीन." मला तिच्या त्या 'काई नाई'चाही राग यायचा. माणसानं किती सोसावं आणि वर ते झाकावं?

पोरी मात्र गोड होत्या. त्यांचे दात पिवळट, केस चिकट, कारण त्या पाण्यात शिकेकाईसुद्धा हरते. पण वाचायला लागल्या की थांबायच्या नाहीत. ही शाळा सोडून जायचं तर यांना कोण, हाही एक काटा होताच. तो काटा पाटील बरोबर ओळखून होते. "बाई, पोरींचं वाटोळं करता का?" असं ते मला भर रस्त्यात विचारायचे. म्हणजे माझी आई लोळली तर ते पाण्याचं नशीब, आणि मी गेले तर पोरींचं वाटोळं.

दिवाळीच्या सुट्टीत मी बुलढाण्याला कचेरीत गेले आणि बदली मागितली. कारण सांगितलं, पाणी खारं. साहेबांनी मान वर न करता म्हटलं, "अहो बाई, मी तिथे दरसाल पाणी पितो. तुम्हा घाटावरच्या लोकांचे नखरे फार." मी सांगितलं, ते पाहुण्यांचं पाणी असतं. ते पुन्हा हसले. "म्हणजे सबंध गाव माझ्यासाठी नदीपलीकडून पाणी आणतं? मी काय गव्हर्नर आहे?"

परत येताना मोटारीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट लख्ख झाली. हा माणूस खोटारडा नाही. हा जन्मभर पाहुणा आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात याला रांजणातलं पाणी मिळालं, निवडलेले तांदूळ मिळाले, झाडलेली शाळा दिसली. आणि कोणी कुठे राहायचं, कोणाच्या आईनं काय प्यायचं, हे ठरवायचा अधिकार मात्र याच्याकडे. जो कधी कुठे राहिलाच नाही त्याच्याकडे! मी मोटारीत रडले, पण ते रागानं. शेजारच्या म्हातारीनं मला विचारलं, "माहेराहून आली काय वो?"

तपासणी संक्रांतीनंतर आली. आदल्या दिवशी आईला मोठी कळ येऊन गेली होती आणि ती अजून उठून बसू शकत नव्हती. सकाळी पाटलांच्या माणसानं शाळेत झाकलेला पितळी तांब्या, पेला आणि गुळाची वाटी आणून ठेवली. "सायबाले हेच द्याचं," तो बजावून गेला. मी तांब्याचं झाकण काढून वास घेतला. पाण्याला वास नसतो हे मला माहीत आहे. तरी घेतला.

साहेब आले, पाटील आले, कमिटीची माणसं आली. पोरींनी कविता म्हटली, हिशेब केले, नकाशावर पूर्णा दाखवली. साहेब खूश झाले. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बाई, जरा पाणी."

मी कोपऱ्यातल्या मडक्यातून पेला भरला. पोरी रोज प्यायच्या त्याच मडक्यातून. गुळाची वाटी पुढे केली नाही.

त्यांनी मोठा घोट घेतला आणि तसाच खिडकीतून बाहेर थुंकला. "यात मीठ कोणी टाकलं?" ते ओरडले. "कोणत्या कार्टीचा हा चावटपणा?"

कोणी हसलं नाही, कोणी घाबरलंही नाही. साहेब काय विचारताहेत हे एकाही पोरीला कळलं नव्हतं. शेवटी पुढच्या रांगेतली एक उठली आणि त्यांची चूक दुरुस्त करावी तशी म्हणाली, "सायेब, मीठ नाई. पानी हाय थे."

"हेच पाणी माझी आई पिते," मी म्हटलं. "या पोरीही हेच पितात. तुम्ही पिता ते त्या तांब्यात आहे."

पाटलांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते पुढे झाले, तो पितळी तांब्या त्यांनी साहेबांच्या हातात दिला. आणि साहेबांनी काय करावं? त्यांनी त्या पाण्यानं चुळा भरल्या. एक, दुसरी, तिसरी. उरलेलं हातावर ओतून हात धुतले. शाळेच्या अंगणात त्या पाण्याचं डबकं झालं आणि एक कोंबडी येऊन ते प्यायला लागली. आईचं दोन दिवसांचं औषध. मी ते बघत उभी राहिले. छडी माझ्या हाताला लागली असती तर मी त्या साहेबाला झोडलं असतं. हे मी आज सत्तरी उलटल्यावर लिहिते आहे आणि आजही माझं तेच मत आहे.

जाताना साहेब म्हणाले, "ही उद्दाम बाई इथे नको. पुढच्या सालापासून हिला दुसरीकडे टाकतो." म्हणजे बदली मिळाली. अर्जानं नाही, शिक्षा म्हणून. पाटील जाताना थांबले आणि एवढंच म्हणाले, "बाई, तुम्ही गावाले नागवं केलं." मी म्हटलं, "हाव. केलं."

मी खोलीवर आले. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सायबाले असं पानी पाजाव काय वो?" आणि मग कितीतरी दिवसांनी ती हसली. हसताना कंबर धरली.

दिवेलागण व्हायची होती, तेव्हा दार वाजलं. पाटलीणबाई होत्या. एकट्या. त्या कधी घराबाहेर पडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. काखेत कळशी, तिच्यावर पदर. मला वाटलं, नवऱ्यानं भांडायला पाठवली. मी दारातच उभी राहिले.

"सरका ना बाई, कोनी पाह्यलं तं..." असं म्हणत त्या आत आल्या आणि कळशी आईच्या उशाशी ठेवली. "मावशी, हे गोडं हाय. तुमच्या औषधाले."

मी विचारलं, पाटलांना माहीत आहे का. त्यांनी मान हलवली. नाही.

मग त्या बोलायला लागल्या, ते थांबेचनात. त्या मेहकराकडच्या, म्हणजे आमच्यासारख्याच घाटावरच्या. "माया बाप सोयरीक पाहाले आला तं त्याले त्याच बैठकीत बसोलं. त्यालेही हेच पानी देल्लं. बाप घरी आला अन् माया मायले सांगे, वावर लय हाय, मानसं मोठी हाय, अन् पोरीले पानी भेटलं गोडं." त्या खाली बघत पदराचं टोक पिळत होत्या. "तुम्ही आल्या तई मी दारात उभी व्हती. मावशीनं गूळ नाई घेतला, थे मी पाह्यलं. मले वाटलं, सांगाव. पन कशी सांगू?"

"तुम्ही त्या घरातल्याच," मी म्हटलं. "रांजण तुमच्याच घरात आहे. मग तुम्ही काय पिता?"

"खारं," त्या म्हणाल्या. "मी घरची हाय ना. भरतो मी, झाकतो मी, पाव्हन्याले देतो मी. बुडाले उरते थे गड्याच्या हातानं जनावराले जाते. लग्न झाल्यापासून तोंडाले लावलं नाई." मग माझ्याकडे बघून, अगदी साधेपणानं, "तुमची बदली होते बाई. बरं हाय."

इतके महिने मी रागावले होते, आणि माझ्यापुढे ही बाई बसलेली होती, जिच्याकडे रागवायला साहेबसुद्धा नव्हता. कोणाकडे करायचा अर्ज? कोणत्या कचेरीत?

आई कोपरावर रेलून उठली. मी आधार द्यायला गेले तर तिनं मला हातानं बाजूला केलं. "बसा पाटलीनबाई," ती म्हणाली. "अशा काऊन उभ्या? पह्यल्यांदा आल्या तुम्ही आमच्या घरी."

तिनं माझ्याकडून घोंगडी अंथरून घेतली. डब्यातला गुळाचा खडा काढायला लावला. मग स्वतःच्या हातानं कळशीतून पेला भरला. मी म्हटलं, आई, ते तुझ्यासाठी आणलंय. तिनं ऐकलंच नाही. पेला पाटलीणबाईंच्या पुढे धरला.

"घ्या. पाव्हन्या हाय तुम्ही."

त्यांनी गूळ उचलला नाही. पेला दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात प्यायल्या, घसा वरखाली होताना दिसत होता. रिकामा पेला थोडा वेळ मांडीवर ठेवून बसल्या. मग तो पुन्हा आईपुढे केला.

"अजून द्या," त्या म्हणाल्या.